शिडाची दोरी

आमच्या ह्यांच्या शिडाच्या होडीला नवी दोरी हवी होती. ओढली की लांबते अशी दोरी त्यांना चालत नाही, कारण दोरी लांबली की शीड सैल पडतं आणि होडी मागे राहते. लग्न झाल्यापासून ऐकतेय, मला तोंडपाठ आहे. दुकानात ह्यांनी एकेक दोरी खांबाला बांधून, पाय रोवून ओढून पाहिली. दोन तासांनी एक निळी पसंत पडली.

"आता बाल्कनीसाठीही एक बघा ना," मी म्हटलं. "चादर वाळत घातली की आपली दोरी पार फरशीला टेकते."

"अगं, कपड्यांना काय, कुठलीही चालते!" म्हणत ह्यांनी दाराजवळच्या ढिगातली एक न बघताच उचलली. तीही निळीच निघाली. घरी आल्यावर दोन्ही पिशव्या मीच आत ठेवल्या.

रविवारच्या शर्यतीत हे शेवटून पहिले आले. ओल्या बुटांनिशीच घरात शिरले आणि फोन शोधू लागले.

"फसवलं त्या दुकानदारानं! जरा वारा भरला की दोरी रबरासारखी लांबत होती. आत्ता झापतो त्याला!"

"त्या बिचाऱ्याला कशाला बोलता?" मी बाल्कनीतून हाक मारली.

"इकडे येऊन बघा तरी. सहा ओल्या चादरी टाकल्यात, पण तुमची दोरी बोटभरही खाली आली नाही!"