ताकदीची सुई

"काहून उभी हाये अजून? पाय मुरगळला म्हण अन् मागच्या गेटानं निघ!" चंद्रकुमार सर दबक्या आवाजात कामिनीवर खेकसले.

भंडाऱ्याच्या मैदानात नुकतीच एक पांढरी गाडी शिरली होती. सीलबंद खोकी घेऊन तिच्यातून तीन माणसं उतरली. उत्तेजक चाचणीवाले. राज्य निवड स्पर्धेला ते येतील असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पाच मिनिटांत निम्मे खेळाडू आजारी पडले. कोणाच्या पोटात कळ आली, कोणाची मांडी धरली. कामिनीची आठशे मीटरची शर्यत अर्ध्या तासावर होती.

सरांनी एक निळी थैली तिच्या हातात कोंबली. "हे घेऊन शहापूरले जा, अकादमीवर. मोनालेही ने संगं. तिचं आजपासून सुरू करायचं हाये. तूच दे तिले."

कामिनी निघाली. नाही म्हणायची सोयच नव्हती. तिची मूळ प्रमाणपत्रं सरांच्या कपाटात होती आणि त्यांच्याशिवाय खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मिळणार नव्हती. थैलीतल्या असल्या इंजेक्शनच्या बाटल्यांची पार्सलं कुरिअरनं तिच्याच नावानं यायची. सही तिची, मोबाइल नंबर तिचा. तुमसरच्या जिममध्ये, कबड्डीच्या पोरांकडे ती पोचवायचीही तीच. "पकडल्या गेलं तर तू जाशील, मी नाही," सर हसत हसत सांगायचे. तिकडे सिहोऱ्यात तिचे वडील घनश्याम भेटेल त्याला सांगत, सरांनी पोरीचं सोनं केलं. दर दिवाळीला घरच्या धानाचे तांदूळ घेऊन ते सरांच्या पाया पडून जायचे.

अंगात काय चाललं होतं, ते मात्र ती कोणाला सांगणार? आठ महिने पाळी नव्हती. हनुवटीवरचे केस ती रोज सगळ्यांच्या आधी उठून काढायची. गेल्या पोळ्याला घरी फोन केला, तर आईनं विचारलं, "कोण बोलून राहिले जी?" पोटच्या पोरीचा आवाज मंदाबाईला ओळखू आला नाही. त्या दिवसापासून कामिनी घरी फक्त मेसेज पाठवायची.

मागच्या गेटाबाहेर ऑटो उभा होता. आत मोना बसली होती. पंधरा वर्षांची, मोहाडीकडची. तालुक्यात पहिली आली म्हणून सरांनी दोन महिन्यांपूर्वी तिला अकादमीत आणलं होतं. शेंगदाण्याचा लाडू खात तिनं सरकून जागा केली.

"ताई, मले आजपासून ताकदीची सुई हाये म्हणे. दुखते का जी?"

कामिनीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुई दुखत नाही, हे खरंच होतं. पहिल्या दिवशी अकादमीतल्या मोठ्या गुलाबताईनं तिलाही हेच सांगितलं होतं, अगदी मायेनं. गुलाबताई आता कुठं होती, कोणालाच ठाऊक नव्हतं. सर तिचं नावही काढू देत नसत.

"उतर," कामिनी म्हणाली.

"काहून?"

"उतर म्हटलं ना!"

मोनाचा हात धरून ती गेटातून परत आत आली. मैदान ओलांडताना सरांनी तिला पाहिलं. चारचौघांत त्यांना ओरडता येईना. ते झपाझप चालू लागले. ती त्यांच्याआधी चाचणीच्या खोलीत पोचली.

"माझी तपासणी करा," ती टेबलामागच्या बाईंना म्हणाली.

बाईंनी तिच्या छातीवरचा नंबर पाहिला, यादीवरून बोट फिरवलं. "तुझं नाव आज नाही यात. जा तू, शर्यतीची तयारी कर."

सर दारात येऊन ठेपले होते. त्यांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा सैल झाला. "चल बेटा," ते गोड आवाजात म्हणाले, "म्याडमले कायले त्रास देतेस?"

कामिनीनं थैली टेबलावर उपडी केली. काचेच्या बाटल्या गडगडत गेल्या. दोन खाली पडून फुटल्या. "हे सारं माझ्या नावानं येते," ती म्हणाली. आवाज जाड होता, फाटलेला होता, पण तिनं तो आज लपवला नाही. "हे मागवतात सर. पोचवतो आमी पोरी. आज हिले द्यायचं होतं."

सर मागच्या मागे वळले. बाहेर त्यांना कोणीतरी अडवल्याचा आवाज आला. मोना भिंतीला चिकटून उभी होती, अर्धा लाडू मुठीत धरून.

बाईंनी दार लावून घेतलं. एक कोरा कागद कामिनीपुढे सरकवला, पण हात त्यावरून उचलला नाही. "पोरी, हे लिहून दिलंस तर तुझ्यावरही बंदी येईल. चार वर्षं धावता येणार नाही. नीट विचार कर."

"चारच?" कामिनीनं विचारलं. सरांच्या हाताखाली तिनं सहा काढली होती.