काठोकाठ भरलेली बादली

"पुन्हा," मावशी म्हणाल्या.

बादली पुन्हा वर गेली. पाइपांच्या गोदामातली ती क्रेन तीन मजले उंच. हुकाला काठोकाठ भरलेली बादली लटकत होती आणि केबिनमध्ये चिमणी लिव्हर धरून बसली होती. खाली खडूने काढलेल्या वर्तुळात बादली टेकवायची, पाणी सांडायचं नाही. दहा वाजताच्या परीक्षेत हेच करायचं होतं आणि सव्वानऊ होऊन गेले होते.

चिमणी हे नाव मावशींनीच ठेवलेलं. चार महिन्यांपूर्वी ती इथे झाडलोट करायची. "सारखी वर काय बघतेस? चढ की," म्हणत मावशींनी एक दिवस तिच्या हातातला झाडू काढून घेतला. क्रेनवर मावशींची हयात गेली होती. गोदामातले भलेभले पुरुष त्यांच्यापुढे चकार शब्द काढत नसत. बाकीच्यांच्या लॉकरवर नावाच्या पाट्या होत्या, मावशींचं नाव मात्र खडूने लिहिलेलं. पुसलं की त्या पुन्हा लिहीत. चिमणीला त्यांच्या या साधेपणाचं फार कौतुक वाटे.

यंदा कायमची जागा एकच निघाली होती. ती मिळाली नाही तर महिनाअखेर चिमणीच्या हातात परत झाडू येणार होता. अर्ज दोनच आलेले, पण कचेरीने फळ्यावर नुसते क्रमांक लावले होते.

"दुसरी कोण असेल हो, मावशी?"

"ओळखते मी तिला." मावशी मागे उभ्या होत्या. "हात पक्का आहे तिचा. पण स्वतःवर फार विश्वास. दोर डुलायचा थांबण्याआधीच बादली खाली सोडते. तू थांब. तिथेच तिला मागे टाकशील."

"तिचं वर्म मला सांगताय. कळलं तर चिडेल ना ती?"

"चिडणाऱ्यातली नाही."

चिमणीला हसू आलं. मग तिचं लक्ष मावशींच्या कडक इस्त्रीच्या गणवेशाकडे गेलं.

"परीक्षा माझी आणि नटलात तुम्ही!"

"तोंड कमी चालव, हात चालव. पुन्हा."

दहा वाजता साहेब वही घेऊन आले. चिमणी एकटीच वर चढली. तिने बादली उचलली, गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली आणि वर्तुळावर आणून थांबली. दोर डुलत होता. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, तरी ती थांबलीच. दोर शांत झाल्यावर तिने बादली अलगद टेकवली. एक थेंब सांडला नाही.

खाली उतरली तेव्हा तिचा आनंद गगनात मावत नव्हता. मावशी शिडीपाशी चहा घेत उभ्या होत्या. चिमणीने त्यांना मिठीच मारली.

"जमलं, मावशी! आता येऊ दे तिला, कोण असेल ती!"

"शाब्बास," मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. "क्रमांक दोन!"

चिमणीने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं.

"आले, साहेब," म्हणत मावशींनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि शिडीवर पाय ठेवला.