पिकअपची मागची काच

“तो कोपऱ्यातला लालही काढ,” शेल्बी म्हणाली.

डेलमारने हातातली पत्र्याची पट्टी थांबवली. पिकअपच्या मागच्या काचेवरचे निम्मे स्टिकर निघाले होते. उरलेल्यांत दोन रायफली होत्या, एक पिस्तूल होतं, आणि ‘आधी गोळी, मग चौकशी’ असं लिहिलेला तो लाल.

“हा तर नुसता विनोद आहे.”

“ग्रेडीच्या आईला तो विनोद वाटायचा नाही. बाबा, त्या बाईंना बंदूक नुसती चित्रातसुद्धा बघवत नाही. दुपारी जेवायला येतायत. लग्नाची तारीख आजच ठरायचीय. आणि फाटकातून आत आलं की पहिली तुझी गाडीच दिसते.”

“मग गाडी कोठारामागे लावतो.”

“आणि लग्नानंतर? जन्मभर कोठारामागेच लावणार?”

डेलमारने गरम पाण्यातलं फडकं पिळून लाल स्टिकरवर दाबून धरलं. शेल्बी त्याची एकुलती एक. बायको नोरीन गेल्यापासून घर इतकं गप्प झालं होतं की बाहेर जाताना तो रेडिओ चालू ठेवून जायचा. आता लग्न होऊन मुलगी गावातच राहणार होती, पुलाच्या पलीकडे. ही बातमी कळल्यापासून तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. विहीणबाईंचं मन फिरलंच, तर ते आपल्या गाडीमुळे फिरायला नको होतं.

शेजारचा वेंडेल शिडी परत करायला आला आणि बघतच राहिला.

“काय रे डेल, गाडीची हजामत चाललीय वाटतं!”

“विहीणबाई येतायत. त्यांना बंदुका खपत नाहीत.”

“वायोमिंगमध्ये राहून?”

“लॅरमीच्या आहेत, त्या कॉलेजवाल्या शहरातल्या. शाळेत चित्रकला शिकवायच्या.”

“मग झालंच. पुढच्या नाताळात तुझ्या ताटात नुसता पाला.” वेंडेलने काचेवरून बोट फिरवलं. “पण हे तुझं कुंपण होतं ना रे? तूच म्हणायचास, चोराने वाचावं आणि आल्या पावली परत जावं.”

“वाचलं की चोराने,” शेल्बी म्हणाली. “जत्रेच्या मैदानावर नीट वाचलं, काच फोडली आणि गाडीच्या खणातलं पिस्तूल घेऊन गेला. शेजारच्या गाडीत सीटवर लॅपटॉप पडला होता, त्याला हातही लावला नाही. बंदूक कुठे मिळेल ते बाबाने मोठ्या अक्षरांत लिहूनच ठेवलं होतं ना!”

“योगायोग,” डेलमार म्हणाला. “मी का लपवू? बंदूक माझी आहे, कुणाची उचलून आणलेली नाही. माणसाने आपण काय आहोत ते उघड सांगावं.”

“उघड सांग की. पण चोरालाच कशाला?”

“हे बघ, माझ्या गाडीवर—”

“विहीणबाई,” वेंडेलने आठवण करून दिली.

डेलमारने पट्टी उचलली. हे भांडण बापलेकीत दोन वर्षं चाललं होतं, आणि दर वेळी शेल्बीच दमून गप्प बसायची.

ग्रेडी मागच्या अंगणात कोळसे पेटवत होता. डेलमारने त्याला हाक मारली.

“तुझी आई फारच कडक आहे का रे?”

ग्रेडीला ठसका लागला. “म्हणजे... तिची मतं ठाम आहेत, काका,” असं म्हणून तो घाईने शेगडीकडे वळला.

शेवटी एकच स्टिकर राहिला. त्यावर मोठ्या शिंगांचं एल्क हरीण होतं, त्याच्याखाली आडवी रायफल. शिकारीहून परत येताना पेट्रोल पंपावर नोरीनने तो घेतला होता आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांनी वाकडा लावला होता. त्या वाकडेपणावर दोघं गावाच्या वेशीपर्यंत हसली होती.

“तो राहू दे हवं तर,” शेल्बी म्हणाली.

“नको,” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “अर्धवट काम कशाला?”

केस वाळवायच्या यंत्राने त्याने तो हळूहळू तापवला आणि अख्खाच्या अख्खा सोडवला. मग घरात जाऊन आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नीट सरळ लावायचा प्रयत्न केला, तरी पुन्हा वाकडाच लागला. तो एकटाच हसला.

बाहेर आला तर शेल्बीने त्याला मिठी मारली. “बाबा, तू ना, फार चांगला आहेस रे.” तिने बाहीने डोळे पुसले.

“रडतेस काय वेडे? बघ तरी, मागून कोण येतंय ते आता मला दिसेल.”

मागून खरंच कोणीतरी येत होतं. धुळीने माखलेली एक निळी पिकअप फाटकातून आत आली, वळली आणि मागची बाजू झुडपांना लावून उभी राहिली. उंच, पांढऱ्या वेणीची बाई उतरली.

“मी रोझलिन.”

“या, या. मी डेलमार. काही त्रास नाही ना झाला?” काय बोलू नये हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. “आमच्याकडे यंदा फुलं छान आलीत.”

“फुलं मला आवडतात,” ती तितक्याच जपून म्हणाली. “तुमचं घर किती शांत आहे.”

दोघंही मन लावून फुलं बघू लागली.

“गाडीत मागे ॲपल पाय आहे, मी भाजलेला,” तिला आठवलं. “मीच काढते, तुम्ही नका—”

पण डेलमार तोवर गाडीमागे गेला होता. पाहुणीला भांडं उचलू द्यायचं नाही, ही नोरीनची शिस्त. झुडूप बाजूला सारून तो उभा राहिला. गाडीची मागची फळी आणि त्यावरची काच डिंकाच्या करड्या डागांनी भरली होती. सगळीकडे ताजे ओरखडे होते. मधोमध अर्धवट खरवडलेली बंदुकीची लांब नळी होती.

रोझलिन कानापर्यंत लाल झाली.

“माफ करा हं. कालपासून झटतेय, पण एवढा एक स्टिकर काही केल्या सुटेना. तुमच्या शेल्बीने फोनवर दहादा बजावलं होतं, बाबांना बंदुका खपत नाहीत, त्यांच्यासमोर नावसुद्धा काढू नका म्हणून.”