बुवांचं उपरणं

नाथाने ॲक्सिलेटर पार तळापर्यंत दाबला, तरी त्याची डिझेल जीप चढावर नुसती कण्हली आणि काळा धूर ओकू लागली. वरच्या देवळात माणसं ताटकळली होती आणि कीर्तनकार बुवा इथे नाथाशेजारी अडकून पडले होते. आता बुवा पुन्हा आपल्या गाडीत पाऊल ठेवतात कशाला, या विचाराने नाथा रडकुंडीला आला.

"गाडी पूर्वरंगातच रेंगाळलीय रे! आख्यान कधी लावणार?" बुवांनी चिमटा काढला.

नाथाने फोन केला तसा पायथ्याच्या गॅरेजातून बाबूमिस्त्री आला. त्याने धूर पाहिला. "डिझेल मिळतंय, हवा मिळत नाही. नाक चोंदलंय हिचं." एअर फिल्टरचं झाकण उघडून त्याने आतून जरीकाठी उपरणं ओढून काढलं. "हे कुणी कोंबलं?"

नाथाने कानाच्या पाळ्या धरल्या. "मीच. बुवांनी प्रसाद म्हणून दिलेलं. काल दसऱ्याला गाडी पूजली, तेव्हा म्हटलं, इंजिनालाही कीर्तनाचा गुण लागू दे."

बुवांनी ते काळंकुट्ट उपरणं झटकून नाथाच्याच गळ्यात घातलं.

"लागला की गुण! माझ्या कीर्तनात पुढची रांगसुद्धा अश्शीच पेंगते. चल, मार रेस!"