लाल आकडा

केदारचा घाम थांबत नव्हता. छाती दाबून तो दवाखान्याच्या बाकावर वाकला होता, पण मनगटावरचं घड्याळ ‘ठोके ठीक’ असंच दाखवत होतं.

“घड्याळावरचा ठोक्यांचा आकडा लाल झाल्याशिवाय तातडीच्या विभागाचं दार उघडतच नाही, आजी,” नर्स त्याच्या बायकोला म्हणाली.

“अहो, माणसाकडे बघा ना जरा!” मृणाल कळवळली. शेवटी तिने नवऱ्याचं घड्याळ स्वतःच्या हाताला बांधलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढू-उतरू लागली. चौथ्या फेरीला आकडा लाल झाला. दार उघडलं, स्ट्रेचर आलं आणि दोघा वॉर्डबॉयनी तिलाच उचलून त्यावर आडवं केलं.

“मी नाही, केदारला न्या!”

“घड्याळ तुमच्या हातात आहे, आजी. पडून राहा.”

दार लागता लागता तिला बाकावरून खाली कलंडणारा केदार दिसला.