मशीन गेलं तेव्हा

गवत कापायचं, वर बसून चालवायचं काकांचं जुनं मशीन शनिवारी कायमचं बंद पडलं, आणि तासाभरात अख्खी गल्ली त्यांच्या अंगणात गोळा झाली. पाती घासून, तेल बदलून काकांनी ते वर्षानुवर्षं जपलं होतं आणि सगळ्यांचं गवत फुकट कापून दिलं होतं.

"परवापर्यंत तर चांगलं धडधाकट होतं हो!" समोरचे मास्तर हळहळले.

"काका, खचू नका. आम्ही आहोत ना!" शेजारीण म्हणाली.

रविवारी सगळ्यांनी मिळून नवंकोरं मशीन आणलं. चावी काकांच्या हातात ठेवता ठेवता मास्तर म्हणाले, "आधी आमच्याकडे या हं, गवत गुडघ्याला लागलंय."



काकूंना जाऊन महिना झाला; त्यासाठी काकांना भेटायला यायचं मात्र अजून सगळ्यांचंच राहिलंय.