घरचं वाक्य

शाम सरांच्या क्लासात पुस्तकातलं वाक्य चालत नसे. इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ सांगायचा, तो आला कुठून ते सांगायचं, आणि मग वाक्य करायचं ते आपल्या घरचं. खरं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. अर्ध्या पांढरकवड्याच्या भानगडी सरांना अशाच पाठ झाल्या होत्या.

आज आईबापांनाही बोलावलं होतं. नागपूरच्या एका कंपनीत फोनवर इंग्रजी बोलायची नोकरी होती, राहणं-खाणं फुकट. जागा एकच, दहापैकी जिला जास्त मार्क तिची. शेवटी दोघी उरल्या, मुस्कान आणि शीला. विषय सरांनी निवडला होता, वाटोळं होणं.

"मुस्कान, गॉन टू द डॉग्ज."

मुस्कान धडाधड बोलली. माणसाच्या खाण्यालायक न उरलेलं शिळं मांस तिकडे कुत्र्यांपुढं टाकत, तिथून हे आलं. इंग्रजी वाक्य झाल्यावर ती मराठीत म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी काळीपिवळीचा ब्रेक फेल झाला अन् एक बाई मेली. त्या गाडीचं काम माझ्या अब्बूनं केलं होतं. तेव्हापासून आमच्या गॅरेजचे हाल कुत्रं खात नाही."

मागच्या रांगेत हबीबमिस्त्रींनी मान खाली घातली. लेकीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. लोक हळहळले. सरांनी फळ्यावर नऊ लिहिले.

मिस्त्रींच्या शेजारच्याच खुर्चीत देवराव बसले होते, शीलाचे वडील. ती काळीपिवळी तेच चालवत होते.

शीलाला 'गॉन टू पॉट' आलं. भाजायच्या कामाचं नसलेलं चिवट मांस तुकडे करून हंडीत टाकत, हे तिनं बरोबर सांगितलं. वाक्य मात्र अगदीच पडेल निघालं. "अपघात झाला, बाबाची गाडी सुटली, आता आई दुसऱ्यांची धुणीभांडी करते."

"हे तर घरोघरी आहे," सर म्हणाले. "यात वाटोळं कुठंय? साडेआठ."

शीलाचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात देवराव उठले.

"सर, पोरीले सारं मालूम नाही. मी सांगू काय? मंग वाढतीन मार्क?"

"खरं असेल तर वाढतील."

"ब्रेक चांगला होता," देवराव म्हणाले. "मलेच दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लायसन जाईन म्हणून कोणाले सांगतलं नाही. ते बाई मले दिसलीच नाही, सर. गाडीखाली आल्यावर समजलं. मंग मी म्हटलं, ब्रेक लागला नाही. ब्रेक कोणी पाह्यलाबी नाही, सारे मिस्त्रीच्याच मागं लागले."

पोलिसांसमोर दोन वर्षांत जे निघालं नाही, ते अर्ध्या मार्कासाठी निघालं. सांगायलाही लाज वाटते, पण दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

हबीबमिस्त्री खुर्चीतूनच वर पाहत होते. "देवराव, मी माह्या हातानं गॅरेजले कुलूप लावलं. मले वाटे, नट माह्याच हातून ढिला राह्यला. दोन साल मी मलेच खुनी समजून राह्यलो."

"मिस्त्री, मध्ये बोलू नका," सर म्हणाले. त्यांनी डस्टरनं शीलाचे साडेआठ पुसले आणि खडू हातात घेतला. "आता कसं! शीला, हेच इंग्रजीत सांग. सगळं. ग्रामर चुकलं तर कापीन."

शीला एकदा मुस्कानकडे पाही, एकदा बापाकडे. देवरावांनी शेजारी पाहिलंसुद्धा नाही.

"बोल न वं बाई," ते म्हणाले. "सर थांबले."